कोर्टात केसपेपर घेऊन जा!

समस्त इन्सुलीकरांनो,

घरातल्या मानसिक आजारी माणसावर गुन्हा दाखल झाला की वाडीत दोन सल्ले हमखास मिळतात. "भायर खंय बोलू नको, भयणीचा लगीन जमवचा हा." आणि, "गुन्हो कबूल कर, दंड भर, घराक ये." सल्ला देणारी माणसं आपुलकीचीच असतात. तरीही आम्ही उघड सांगतो, हे दोन्ही सल्ले आजारी माणसाला खड्ड्यात घालतात. समज नसताना दिलेला कबुलीजबाब जन्मभर पाठीस लागतो.

'भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्याबद्दल आपल्या वकिलाला विचारा. १९९४ साली एका पोलीस शिपायाने घरातच, दिवसाढवळ्या पत्नीच्या डोक्यात दगड घातला. जन्मठेप झाली, हायकोर्टात कायम राहिली. २००२ साली सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. कशाच्या जोरावर? आधीच्या उपचारांचे कागद होते, वडिलांनाही मानसिक आजार असल्याची नोंद होती, आणि घटनेनंतरच्या जून ते डिसेंबरात त्याला २५ वेळा इस्पितळात न्यावं लागलं होतं. तो पळालाही नव्हता. आजार लपवला असता तर यातलं काय उरलं असतं?

देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, कौल घ्या, आमची हरकत नाही. पण कौलाची पावती मिळत नाही. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरावर तारीख असते, डॉक्टरची सही असते, गोळ्यांची नावं असतात. तो चुरगळलेला कागद टाकू नका. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा पिशवीत ठेवा. अटक झाली त्याच दिवशी पोलिसांना आजाराबद्दल लेखी द्या आणि पोच घ्या. आरोपीला पूर्वीपासून मानसिक आजार होता हे तपासात दिसलं, तर त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००७ सालीच म्हटलंय.

कोर्टात प्रश्न दोन असतात. घटनेच्या वेळी आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का? हे भारतीय न्याय संहितेचं कलम २२. आज त्याला खटला समजतो का, बचाव करता येतो का? हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६७ आणि ३६८. वकीलही कधी कधी यांची गल्लत करतात. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर खटला पुढे ढकलता येतो, आणि कलम ३६९ खाली गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन मिळू शकतो. इस्पितळात ठेवण्याची गरज नसावी, आणि नातेवाइकाने किंवा मित्राने नियमित उपचारांची व कुणाला इजा होऊ न देण्याची हमी द्यावी लागते. म्हणजे घरचं किंवा जवळचं माणूस कोर्टात उभं राहायलाच हवं. तारखेला आपलं कुणी नसेल तर ही हमी देणार कोण?

"वेड्याचं सोंग घेऊन सुटतात," असं चेकनाक्यावरच्या टपरीवर बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं: या कारणाने निर्दोष ठरलेल्यालाही कोर्ट सहसा मोकळं सोडत नाही. सुरक्षित ठिकाणी ठेवतं, नाहीतर जामीन घेऊन नातेवाइकांच्या हवाली करतं. ज्यांचं नुकसान झालं त्यांचं दुःख खरं आहे, त्यांच्या दारात जाऊन मान खाली घालणं आपलं कामच आहे. पण त्यासाठी आजार नाकारायचा?

आता उपचारांचं बघा. जुलै २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या सोनुर्लीच्या रानात एक परदेशी बाई झाडाला साखळीने बांधलेली सापडली. बातमी जगभर गेली. तिच्या चिठ्ठीवरून नवऱ्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदला गेला. पुढे, मीच स्वतःला बांधून घेतलं, असं तिनेच सांगितलं. तिला गोव्यात नेलं, मग रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात. चांगलंच झालं. मग आपल्या वाडीतल्या पोरासाठी रत्नागिरी एवढी लांब का पडते? दीडशेहून जास्त किलोमीटर, दर महिन्याला, मजुरी बुडवून!

वकिलाला पैसे नसतील तर सावंतवाडी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न न पाहता. फोन १५१००. मनाच्या आजाराबद्दल बोलायला टेली-मानस १४४१६.

आणि येत्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडतोय: सावंतवाडीत मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी बसलाच पाहिजे, गोळ्या तिथेच मिळाल्या पाहिजेत. ठरावाला सूचक आम्ही आहोत, अनुमोदक हवेत.

— इन्सुलीतील काही कुटुंबीय