वारसा कशाला म्हणावे?

समृद्धी महामार्गासाठी आमच्या नाशिक जिल्ह्यात सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि ज्यांच्या आज्याने हजार रुपये एकरकमी पाहिले नव्हते त्यांच्या हाती लाखांनी पैसा आला. शहरालगतच्या गावांत जमिनी विकून तसाच पैसा येत आहे. पुढे त्याचे काय होते, हे गावाला ठाऊक आहे. दारात गाडी उभी राहते, लग्नाचा मांडव गावभर पसरतो, आणि मग मालकाचा पोरगा पारावर रिकामा बसतो. ही पोरे आम्हा मास्तरांच्याच हाताखालून गेलेली असतात, म्हणून आम्हास बोलणे भाग आहे. बापजाद्यांच्या पैशाचे वारसाने काय करावे, या प्रश्नावर आज एका पारशी घराण्याची हकीकत सांगतो. पारशाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. हे घराणे मुळात सुताराचे आहे.

सन १७३६ साली लवजी नसरवानजी नावाचा गलबते बांधणारा सुतार कंपनी सरकारने सुरतेहून मुंबईस आणला. त्याने गोदी उभारली. वाडिया या नावाचा अर्थच जहाजे बांधणारा. लवजी १७७४ साली वारला तेव्हा मागे एक घर आणि वीस हजारांच्या आतले रुपये, एवढेच होते. परंतु हातातली विद्या आणि सचोटीचा लौकिक तो मुलांस देऊन गेला. त्या विद्येच्या जोरावर घराणे पुढे धनाढ्य झाले. त्यांनी १८१७ साली सागवानी लाकडाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज विलायतेत हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे. सुताराच्या हातास याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते पाहिजे?

याच घराण्यात १९०१ साली जमशेद बोमन होमी वाडिया जन्मास आले. एम. ए. झाले, वकिलीची परीक्षा दिली. नाव मोठे, वाडा मोठा. अशा गृहस्थाने कचेरीत खुर्ची धरावी, अशीच जगाची अपेक्षा. पण ते मूकपटांच्या धंद्यात शिरले आणि १९३३ साली धाकटे बंधू होमी व दुसरे भागीदार यांच्यासह त्यांनी 'वाडिया मूव्हिटोन' ही कंपनी काढली. घराण्याचा परळचा जुना वाडा, लवजी कॅसल, तोच त्यांचा स्टुडिओ झाला. कंपनीची निशाणी त्यांनी कोणती घेतली? जहाज! पूर्वजांचा धंदा सुटला तरी पूर्वजांची लाज वाटली नाही. आमच्यातली किती शिकलेली पोरे बापाचा रंधा किंवा ऐरण आपल्या दुकानाच्या पाटीवर काढतील?

सन १९३५ साली त्यांचा 'हंटरवाली' आला. राजकन्या बुरखा चढवून, हाती चाबूक घेऊन, जुलमी प्रधानाच्या तावडीतून गोरगरिबांस सोडवते, अशी गोष्ट. राजकन्येचे काम करणारी नादिया ही ऑस्ट्रेलियात जन्मलेली बाई. असला बोलपट कोण पाहणार, म्हणून वितरक तो घेईनात. तेव्हा मालकांनी स्वतःच लावला, आणि लोक तुटून पडले. शहाण्यासुरत्या मंडळींनी अशा मारामारीच्या चित्रांस नाके मुरडली. स्वस्तातल्या बाकावर बसणाऱ्या कष्टकऱ्यास मात्र ती आपली वाटली. एम. ए. झालेल्या वाडियांना हमालाच्या आवडीचे चित्र काढण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आणि करमणुकीबरोबर ते काही देतही होते. १९४० च्या 'डायमंड क्वीन'मध्ये बायकांचे हक्क आणि साक्षरता यांचा पुरस्कार आहे. गिरणीतल्या माणसापुढे कोणी व्याख्यान दिले असते तर तो उठून गेला असता. घोड्यावरून दौडणाऱ्या नादियाच्या तोंडून त्याने ते ऐकून घेतले.

तरी वाडियांची आरती ओवाळणे हा आमचा हेतू नाही. श्रीमंताच्या वारसास पडण्याची मुभा असते, ती गरिबास नसते. १९३७ साली त्यांनी एकही गाणे नसलेला 'नौजवान' काढला. १९४१ साली 'राजनर्तकी' हिंदी, बंगाली व इंग्रजी अशा तीन भाषांत काढला. पुढे भावांची वाट वेगळी झाली आणि १९४२ साली परळचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांनी घेऊन तेथे राजकमल कलामंदिर थाटले. परंतु वाडिया त्यानंतरही या धंद्यात राहिले, १९८६ पर्यंत जगले.

आता आमच्या नाशिकचे पाहा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विम्याचा कागद गहाण ठेवला, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने लावले, तेव्हा १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांस दिसला. तारामतीचे काम करावयास बाई मिळेना, ते साळुंके नावाच्या खाणावळीतल्या आचाऱ्याने केले. याच नाशकात १९४४ साली फाळके गरिबीत वारले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे तसेच. हे मेस्त्री घराण्यातले कारागीर. कॅमेरा त्यांनी स्वतःच्या हाताने बनविला, पण भांडवल कोठून आणावे? तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा दिला, तेव्हा महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्यातूनच १९२५ साली 'सावकारी पाश' निघाला. सावकाराच्या कर्जात जमीन घालवून गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याची हकीकत पडद्यावर आली ती एका कारागिराच्या हातून, आणि तो शेतकरी झाला होता तरुण शांताराम. पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करीत शिकलेला हाच पोरगा पुढे लवजीच्या वाड्यात मालक म्हणून शिरला. एका सुताराचा वाडा दुसऱ्या सुताराच्या शागिर्दाकडे गेला, असेही म्हणता येईल.

यावरून आम्हास इतके दिसते की, नुसता पैसा हा वारसा नव्हे आणि नुसती कारागिरीही पुरत नाही. ज्याच्या हाती विद्या त्याच्यापाशी दाम नसतो, आणि दाम असतो तेथे विद्या नसते, हे आपल्या गावांचे जुने दुखणे आहे. तानीबाईंनी ते ओळखले. ज्यांच्या घरी जमिनीचा पैसा आला आहे त्यांनीही ओळखावे. मुलास गाडी घेण्याआधी एखादा धंदा हातानिशी शिकवा. गावात हुशार लोहार, सुतार, गवंडी, शिंपी असेल तर त्याच्याशी लेखी भागीदारी करा, हिशेब चोख ठेवा. मुलीसही वाटा द्या. हंटरवाली पडद्यावर पाहून टाळ्या वाजवायच्या आणि घरी सातबाऱ्यावर मुलीचे नाव नको म्हणायचे, हा ढोंगीपणा झाला.

जमीन एकदाच विकता येते. लवजीने मागे फार पैसा ठेवला नाही, तरी त्याच्या घराण्याचे जहाज दोनशे वर्षांनी तरंगते आहे. आपल्या नातवांपुढे आपले काय तरंगत राहील, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरी करावा.