तेलाचे कूळ तपासायला हवे

करडई, सूर्यफूल आणि कारळे ही तीन पिके वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली. फुलांची ठेवण हा त्याचा जुना आधार; पण बियांतले तेलही तीच साक्ष देते. नेहमीच्या वाणांत या तिन्ही तेलांचे मुख्य मेदाम्ल लिनोलिक असते.

इतर कुळांच्याही अशा खुणा आहेत. धने, जिरे, ओवा, बडीशेप यांच्या बियांत पेट्रोसेलिनिक आम्ल सापडते, मोहरीत इरुसिक, एरंडीत रिसिनोलिक. सरकीतल्या काही खास आम्लांवर तर तिचे तेल ओळखण्याची हाल्फेन चाचणी उभी आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीने प्रत्येक आम्लाचे प्रमाण मोजता येते. अर्थात, हा एकच पुरावा पुरेसा नसतो. ओलिक आम्ल जास्त असलेले करडईचे वाणही आता आहेत. म्हणून वर्गीकरणात फुले, परागकण आणि डीएनए यांच्या जोडीने तेलाची साक्ष घेतली जाते.

याचा आपल्या स्वयंपाकघराशी थेट संबंध आहे. धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन वाढले, करडई मागे पडली आणि तिचे तेल महागले. महाग मालात भेसळीचा मोह असतोच. करडई तेलात पामिटिक आम्ल जेमतेम ६-७ टक्के, पाम तेलात ४० टक्क्यांहून अधिक. हृदयरोग्याला आम्ही तेल सुचवतो, पण डब्यात दुसरेच असेल तर त्या सल्ल्याला काय अर्थ? तेलांचे मिश्रण विकणे बेकायदा नाही. मात्र ते वेष्टनावर छापलेच पाहिजे.

काही भेसळ मात्र या चाचणीतून निसटते. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळल्याने ६० हून अधिक माणसे दगावली. तिथे विष होते सँग्विनरिन, ते मेदाम्ल नव्हे. त्यासाठी वेगळीच तपासणी लागते.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने सणासुदीपूर्वी सुट्या आणि घाण्याच्या तेलाचे नमुने घेऊन दोन्ही तपासण्या कराव्यात, निकाल जाहीर करावेत. प्रामाणिक घाणेवाल्याचाही त्यात फायदाच आहे. आपण ग्राहकांनी तोवर सीलबंद डबा घ्यावा, त्यावरचा मजकूर वाचावा आणि पावती मागावी.