वाचलेले घर्षण कोणाच्या वाट्याला?

ओढकाम करणाऱ्या आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांना क्रूरतेने वागविले जाऊ नये यासाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यांतील भारमर्यादेचा तक्ता कृषिविस्ताराच्या प्रशिक्षणात क्वचितच उघडला जातो. दोनशे ते साडेतीनशे किलो वजनाच्या, म्हणजे मध्यम बांध्याच्या बैलाने दुचाकी गाडीतून किती भार ओढावा, हे त्यात तीन पायऱ्यांनी सांगितले आहे. हवेचे टायर नसलेल्या गाडीला ७०० किलो, टायर असलेल्या गाडीला १०५० किलो आणि बॉल बेरिंग बसविलेल्या गाडीला १४०० किलो. बैल तोच, खांदा तोच. आखावर छर्रे आले की त्याच्या नावावरचा बोजा मात्र दुप्पट होतो.

या तक्त्यामागचा विचार सरळ आहे. यंत्राने घर्षण कमी केले, तेव्हा तेवढ्याच श्रमात अधिक माल जाईल. मात्र घर्षणाच्या बचतीतून बैलाला काही विश्रांती मिळावी, असा पर्याय त्यात कोठेही नाही. वाचलेले सर्व घर्षण मालाच्या खात्यावर जमा झाले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात गळीत हंगामात रस्त्यावर दिसणारी टायरगाडी हे या हिशेबाचे चालते-बोलते रूप होय. आणि तेथे जोडीमागे दोन-तीन टनांचा भार भरताना तक्ता पाहण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही.

बॉल बेरिंगचा जन्मच गाडीच्या आखासाठी झाला, हे येथे लक्षात घ्यावे. वेल्समधील कार्मार्थन येथील लोहउद्योजक फिलिप वॉन याने १७९४ साली जे पेटंट घेतले ते घोडागाडीच्या आखात गोळ्या बसविण्याचे होते. कल्पना उत्तम होती. पण एकसारख्या मापाच्या गोळ्या घडविणे त्या काळी अवघड होते. एक गोळी जरी केसभर मोठी असली तरी सगळा भार तिच्यावर येतो आणि ती फुटते. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रिडरिश फिशर याने १८८३ मध्ये पोलादी गोळ्या एकसमान घासून काढणारे यंत्र तयार केले, तेव्हा कोठे हा मार्ग मोकळा झाला. त्याचा पहिला मोठा लाभार्थी ठरली सायकल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आरंभ केला तो याच सायकलींच्या दुकानाने. लोखंडी नांगर त्यानंतरचा.

रचना पाहिली तर बेरिंग म्हणजे दोन कडी, त्यांच्या खोबणीत फिरणारे छर्रे आणि छर्ऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा पिंजरा. पिंजरा हा दुय्यम भाग वाटतो. तसा तो नाही. शेजारशेजारचे दोन छर्रे एकाच दिशेने फिरत असल्यामुळे जेथे ते एकमेकांना टेकतील तेथे त्यांचे पृष्ठभाग परस्परविरुद्ध धावतात, आणि जे घर्षण टाळायचे तेच पुन्हा उभे राहते. खोबणीची गोलाईही छर्ऱ्याच्या गोलाईशी तंतोतंत जुळवीत नाहीत, किंचित मोठी ठेवतात. फार घट्ट जुळली तर छर्रा गडगडण्याऐवजी घासतो. फार सैल असली तर सगळा भार एका टिंबावर येतो. या दोहोंमधला बिंदू साधणे, हीच बेरिंगच्या रचनेची खरी विद्या. उत्तम बॉल बेरिंगचा घर्षणांक ०.००१५ च्या आसपास असतो. वंगण आटलेल्या साध्या आखाचा तो ०.२ धरला, तर अंतर शंभरपटीहून अधिक पडते.

(कीटकांच्या सांध्यांतही वंगण असते, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. साठवणुकीतील तांबड्या भुंगेऱ्याच्या कुळातीलच झोफोबस या भुंगेऱ्याच्या पायाच्या सांध्यातून प्रथिनयुक्त वंगण सूक्ष्म छिद्रांवाटे पाझरते आणि ते टेफ्लॉनच्या तोडीचे काम करते, असे जर्मनीतील कील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले. छर्रे मात्र तेथे नाहीत. पूर्ण वेटोळे घेत फिरणारा आखच नसल्यामुळे त्यांची गरजही नाही.)

शंभरपट हा आकडा भुलविणारा आहे. गाडीच्या बाबतीत तो तपासून घेतला पाहिजे. जुन्या लाकडी गाडीचे चाक सुमारे १४० सेंटिमीटर व्यासाचे आणि आखाचे टोक चार सेंटिमीटर जाडीचे धरले, तर चाकाच्या थोरपणामुळे आखावरील घर्षण बैलापर्यंत पोहोचेतो पस्तिसाव्या हिश्श्यावर येते. एक टन भाराला आखाचे घर्षण बैलाकडून मागते ते सहा किलोहूनही कमी ओढ. त्याच टनाला मऊ, कच्च्या गाडीवाटेवर चाक मातीत रुतण्याने लागणारी ओढ पन्नास ते शंभर किलो असते. म्हणजे शेतवाटेवर बेरिंग बसवून वाचते ते फार तर दहावा हिस्सा. ज्या अनामिक सुताराने चाक एवढे मोठे केले, त्याने बेरिंगचे बरेचसे काम आधीच करून ठेवले होते.

डांबरी रस्त्यावर लहान चाकाच्या टायरगाडीचे चित्र निराळे. चाक ८० सेंटिमीटर आणि आख पाच सेंटिमीटर धरला, तर साध्या आखाचे घर्षण टनामागे बारा किलोंवर जाते आणि टायरचा स्वतःचा अडथळा केवळ पंधरा-वीस किलो उरतो. येथे बेरिंगने एकूण ओढीचा सुमारे दोन पंचमांश भाग खरोखर वाचतो. परंतु विसात एक असा चढ लागला की टनामागे पन्नास किलोंची जादा ओढ लागते, आणि तिच्यावर जगातल्या कोणत्याही बेरिंगचा इलाज नाही. उतारावर तर घर्षण हेच अर्धे ब्रेकचे काम करीत असते. ते काढून घेतल्यावर धावत्या गाडीचा रेटा बैलांच्या अंगावर येतो. पुष्कळ टायरगाड्यांना धड ब्रेक नसतो, हे पाहता १९६५ च्या तक्त्यातील बेरिंगचे वरचे स्थान सपाट डांबरी रस्त्यापुरते मान्य करता येईल. फडातून बांधावर आणि बांधावरून सडकेला येणाऱ्या गाडीला ते लागू करणे योग्य नाही.

बैलगाडीचा असा शास्त्रीय विचार बंगळूरमध्ये १९७० च्या दशकात झाला होता. तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी हा व्यवस्थापनाचा विषय मानला, तेव्हा अनेकांना त्याचे नवल वाटले. देशात त्या वेळी दीड कोटींच्या आसपास बैलगाड्या असल्याचा त्यांचा अंदाज होता. चामराजपेट ही बंगळूरच्या जुन्या किल्ल्याजवळ १८९२ मध्ये वसविलेली वस्ती. तिच्या शेजारच्या कलासिपाळ्य आणि कृष्णराजेंद्र बाजाराकडे खेड्यापाड्यांचा माल बैलांच्याच खांद्यावरून येत असे. रामस्वामींनी गाडीच्या रस्त्यावरील ओढीबरोबरच जुवाखालच्या मानेकडे लक्ष वेधले. दुचाकी गाडीत भाराचा काही अंश नेहमी मानेवर टेकलेला असतो. बेरिंग आखाशी असते. मानेवरचा हा भार ते एका किलोनेही कमी करीत नाही. उलट गाडी हलकी चालते म्हणून माल वाढविला की मानेवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो.

खांदेसूज आणि जुवाखालचा घाव हा केवळ पशुवैद्यकाचा विषय नाही. क्रायसोमिया बेझियाना ही माशी अशाच ओल्या घावाच्या कडेला अंडी घालते. दिवसभरात अळ्या निघतात आणि जिवंत मांसात शिरतात. घाव रोज धुवायला आणि बैलाला चार दिवस जू न लावायला ऊसतोड टोळीकडे सवड नसते. तेव्हा माशीवर औषध सांगून विस्तार कार्यकर्ता मोकळा होतो, आणि घाव जेथून येतो ते जू दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी बसते. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ नावाचा फिरता आधार तयार केला. जुवाजवळ खाली लावलेले हे तिसरे चाक मानेवरचा भार जमिनीवर उतरविते. रोगाचे मूळ या मुलांनी अचूक ओळखले, असेच म्हटले पाहिजे. तो आधार किती गाड्यांना लागला, हा प्रश्न संशोधन संस्थांनी आणि साखर कारखान्यांनी स्वतःला विचारावयाचा आहे.

बेरिंगच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, कारण शेतीत त्याची खरी कसोटी गाडीत लागत नाही. टायरगाडीचे चाक किलोमीटरमागे चारशे फेरे घेते असे धरू. दिवसाला २५ किलोमीटर आणि हंगामाचे १२० दिवस मोजले तर फेरे होतात बारा लाख. मिनिटाला ७०० फेऱ्यांनी चालणारे मळणीयंत्र हे बारा लाख फेरे २९ तासांच्या आत पूर्ण करते. म्हणून गाडीचे बेरिंग भाराने थकून मरत नाही. ते चिखल, पाणी आणि फाटलेल्या सीलमुळे मरते. गाडीवर दुप्पट ऊस भरला तरी ते तक्रार करीत नाही. आणि बेरिंग कुरकुरत नाही याचा अर्थ गाडी पेलते आहे, असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो.

मळणीयंत्रात मात्र भाराचा हिशेब निर्दय आहे. बॉल बेरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचे अपेक्षित आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते, रोलर बेरिंगचे सुमारे दहाव्या. पट्टा घसरतो म्हणून तो गरजेपेक्षा आवळला, की ही शिक्षा सुरू होते. भुसा आणि माती आत शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेरिंग धुळीच्या जागी घ्यावे; क्रमांकापुढे ‘२आरएस’ अशी खूण असते. क्रमांकाचे शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो: ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर. (०४ च्या खालच्या अंकांना हा नियम लागू नाही.) ग्रीस ठासून भरणे हीदेखील चूकच, बेरिंगच्या घरातील मोकळी जागा तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की पुरे, अधिक ग्रीस घुसळून तापते. शाफ्टवर बेरिंग चढविताना हातोड्याचा घाव बाहेरच्या कड्यावर बसला, तर तो छर्ऱ्यांतून जातो आणि खोबणीत खड्डे पडतात. नवे बेरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणू लागते. आणि मळणीच्या खळ्यावर तापलेले बेरिंग व कोरडा भुसा यांची गाठ पडली तर काय होते, हे सांगावयास नको.

पातळ पत्र्याच्या सांगाड्यावर उभे असलेले आपल्याकडचे यंत्र खाचखळग्यांतून ओढत नेले की वाकते, आणि शाफ्टची दोन टोके एका रेषेत राहत नाहीत. स्वीडनमधील स्वेन विंगक्विस्ट याच्यासमोर कापडगिरणीत हीच अडचण होती. गिरणीखालची जमीन खचून शाफ्ट वाकडे होत. त्याने १९०७ मध्ये स्वतःहून सरळ होणारे, दोन ओळींत छर्रे असलेले बेरिंग काढले. त्याच्या कंपनीचा कारखाना पुढे चिंचवडला आला. ज्ञान आणि माल दोन्ही महाराष्ट्राच्या दाराशी असताना अनुदानाच्या यादीतील यंत्रावर कोणते बेरिंग आहे, त्याचा क्रमांक काय, सील कोणते, हे यंत्राच्या पाटीवर छापण्याची सक्ती करणे अवघड नसावे. आज बेरिंग गेले की शेतकरी मोडका तुकडा खिशात घालून बाजाराला जातो आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो.

गाडीच्या भारासाठी तर नवा शोध लावण्याचीही गरज नाही. प्रत्येक टायरगाडी कारखान्याच्या वजनकाट्यावरून जाते आणि तिचे वजन पावतीवर उतरते. कोणत्या जोडीने कोणत्या दिवशी किती ऊस ओढला, याची एवढी बिनचूक नोंद दुसऱ्या कोणत्याही धंद्यात नसेल. त्या नोंदी १९६५ च्या तक्त्याशेजारी ठेवून पाहाव्यात. जोडीला एका बैलाच्या दुप्पट, म्हणजे मध्यम बैलांना बेरिंगच्या गाडीतही २८०० किलो, आणि चढाच्या वाटेवर त्याहून पुष्कळ कमी, ही मर्यादा काट्यावरच लागू करता येईल. मात्र वाहतुकीची मजुरी टनावर मिळते आणि टोळीच्या डोक्यावर उचल असते, तोवर गाडीवान कमी भरणार नाही. त्याला तसे सांगणे म्हणजे त्याच्या ताटातले काढून घेणे आहे. म्हणून मर्यादेबरोबर दरही बदलावा लागेल: मर्यादेतील खेपेला टनामागे वाढीव दर, मर्यादेपलीकडच्या उसाला वाहतुकीचा दर शून्य, आणि गाडी कारखान्याच्या मालकीची असेल तेथे मानेचा भार पेलणारे तिसरे चाक व ब्रेक कारखान्याच्या खर्चाने. हंगामाचे करार पावसाळ्यात होतात. त्याआधी कृषी विज्ञान केंद्रांनी आपापल्या कार्यक्षेत्रातील एकेका कारखान्याशी हा विषय काढावा.