कॅमेरा घ्या, पण तो घर चालवणार की घरात पडणार, हे आधी ठरवा

“दादा, फोनवर प्रॉडक्टचे फोटो बरे येत नाहीत, एखादा चांगला कॅमेरा सुचवा ना.” ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, कुठूनही फोन आला तरी दहा मिनिटांत गाडी इथे येतेच. माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. पहिली शंभर गिऱ्हाइकं होईपर्यंत कॅमेरा घेऊ नका. त्यानंतर घ्यायचाच असेल, तर मोठा लेन्सवाला डीएसएलआर नको, चांगल्या प्रतीचा कॉम्पॅक्ट घ्या. शर्टाच्या नाही, पण जॅकेटच्या खिशात मावतो तो.

आधी हिशोब, कारण आपण धंदेवाले आहोत. समजा कॅमेरा ६० हजारांचा आहे. तुमच्या मालात खर्च वजा जाता शंभराला पंधरा रुपये सुटत असतील, तर फक्त कॅमेऱ्याचे पैसे वसूल करायला चार लाखांचा जादा माल विकावा लागेल. जादा, म्हणजे नेहमीच्या विक्रीच्या वर. हप्त्याने घेतला तर व्याज वेगळं. एवढा माल तुम्ही वर्षभरात हलवू शकता का? “हो” म्हणणारा खुशाल घेऊ दे. “बघू” म्हणणाऱ्याने तेच पैसे मालात घालावेत.

आता कॉम्पॅक्टच का? सोनीने २०१२ मध्ये आरएक्स १०० काढला आणि छोट्या कॅमेऱ्यात ‘एक इंची’ सेन्सर आला. हे नाव फसवं आहे, आधीच सांगतो. तो सेन्सर इंचभर नसतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलेलं ते नाव आहे. पण स्वस्त कॉम्पॅक्टमधल्या सेन्सरच्या तो साधारण चौपट असतो, आणि तिथेच खरा फरक पडतो. जास्त क्षेत्रफळ म्हणजे जास्त प्रकाश, म्हणून संध्याकाळच्या फोटोत दाणे कमी. पुढे कॅनन जी ७ एक्स मार्क ३ (२०१९), सोनी झेडव्ही १ (२०२०) असे याच जातीचे कॅमेरे आले. दोन्हींत बाहेरचा माइक लावायची सोय आहे, म्हणजे व्हिडिओचंही काम होतं. झेडव्ही १ मध्ये वस्तू चेहऱ्यापुढे धरली की फोकस आपोआप वस्तूवर जाण्याची सेटिंग आहे. दुकानदारासाठीच कुणीतरी विचार केलाय असं वाटतं.

मेगापिक्सेलच्या मागे मात्र लागू नका. वीस मेगापिक्सेलचा फोटो ५४७२ पिक्सेल लांब असतो. ऑनलाइन बाजारात झूम करून दाखवायला १०००-१६०० पिक्सेल पुरतात, आणि व्हॉट्सअ‍ॅप तर फोटो दाबून लहान करूनच पाठवतं.

माझं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे उदाहरण पितळेच्या तांब्याचं देतो. फोनची मुख्य लेन्स रुंद असते. तांब्या फ्रेमभर दिसावा म्हणून आपण फोन त्याच्या तोंडाजवळ नेतो. मग पुढचा भाग फुगतो, बूड बारीक होतं आणि सुबक तांब्या भोपळ्यासारखा दिसतो. वरून चकचकीत पोटात तुमचाच चेहरा आणि मागचा पंखा. यावर उपाय म्हणजे लांब उभं राहणं. दीड मीटर मागे सरका आणि झूम करा. आकार सरळ येतो, आणि तुमचं प्रतिबिंब ठिपक्याएवढं होतं. फोनवरही मागे जाऊन फोटो कापता येतो, पण कोरीव काम पुसट होतं. कॉम्पॅक्टमध्ये खरी झूम लेन्स असते, तिथे ते टिकतं. म्हणून विकत घेताना ही एक गोष्ट विचारा: झूम पूर्ण ताणल्यावर वस्तू किती जवळ चालते? जी ७ एक्स मार्क ३ ला २० सेंटिमीटर चालतं, पहिल्या आरएक्स १०० ला ५५ लागतात. दागिने, राख्या, मसाल्याच्या पुड्या विकणाऱ्याला हा आकडा मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचा.

बाकी काम उजेड करतो, कॅमेरा नाही. दुकानातल्या ट्यूबा बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की पितळ हिरवट दिसतं. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, नसेल तर दारावर मांजरपाटाचा पांढरा कपडा ताणा. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, सावली मऊ होते. मग पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स ठरवून घ्या, ऑटोवर सोडू नका. कॅमेरा तिपाईवर, मोड ‘ए’ वर, अ‍ॅपर्चर ४ ते ५.६, आयएसओ सगळ्यात कमी, टायमर दोन सेकंद. एफ १.८ वर पाठीमागचं धूसर होऊन फोटो भारी वाटतो, पण तांब्याचा काठ स्पष्ट आणि नक्षी पुसट येते. शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी चालेल, तांब्या काही पळून जात नाही.

रंगाबाबत मी जरा कडक आहे. फोटो उठावदार करायला रंग गडद करणारे खूप. मरून साडी लाल दिसली की ती परत येते, जाण्या-येण्याचं कुरिअर तुमच्या खिशातून जातं, वर एक तारा मिळतो. होमस्टेवाल्यांचंही तेच. माळशेजचं धुकं पावसाळ्यातलं आणि पाहुणा एप्रिलमधला, मग भांडण होणारच. फोटोखाली महिना लिहा.

आणि हो, कॅमेरा फक्त दुकानात ठेवू नका. सोमवारी बेल्ह्याचा बाजार, गावची जत्रा, शिवनेरी, लेण्याद्रीच्या अंधाऱ्या लेणीत तो घेऊन जा. सेटिंग हाताला तिथेच बसतात, गिऱ्हाइक समोर असताना नाही. मोठा कॅमेरा कपाटात राहतो, छोटा सोबत येतो. म्हणून मी छोट्याच्या बाजूने आहे. नाणेघाटात व्हिडिओ करणार असाल तर माइकला केसाळ टोपी हवीच, नाहीतर नुसता वारा ऐकू येतो.

घेताना बिल पक्कं घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी नियमित असेल, बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल आणि वापर धंद्यासाठी असेल, तर तो कर क्रेडिटमध्ये मिळू शकतो. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. सीएला एकदा विचारून घ्या. बिनबिलाचा स्वस्त कॅमेरा घेतला की हे क्रेडिटही जातं आणि वॉरंटीही.

जुना घ्यायचा असेल तर एक तपासणी करा: अ‍ॅपर्चर सगळ्यात बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे डाग दिसले तर आत धूळ गेलीय. या कॅमेऱ्यांची लेन्स आत-बाहेर होते आणि धूळ ओढते; सेन्सर घरी पुसता येत नाही, सर्व्हिस सेंटरला खोलावा लागतो. आपल्याकडे कांदा भरायच्या दिवसांत तर उघडा ठेवूच नका. झिपची पिशवी दहा रुपयांची येते, आणि दुसरी बॅटरी बरोबर ठेवा, इवलीशी असते ती, लग्नाच्या दुपारी जेवणाआधीच संपते.