रानातले घर : कोणाचे कच्चे, कोणाचे आधुनिक?

सह्याद्रीच्या कुशीत, एकाही झाडाला धक्का न लावता, निसर्गाशी एकरूप झालेले आधुनिक घर! अशा जाहिराती मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून आता नेहमीच्या झाल्या आहेत. चित्रात मातीने लिंपलेली भिंत असते, उतरते कौलारू छप्पर असते, काळ्या दगडाचे जोते असते आणि भल्यामोठ्या काचेतून धुके दिसत असते. घर सुंदर असते, हे मान्य केले पाहिजे. वास्तुशिल्पी मंडळींचे कसब नाकारण्याचेही कारण नाही. परंतु त्याच डोंगराच्या वरच्या अंगाला ठाकराचे किंवा कातकऱ्याचे घर असते. त्याची भिंत कारवीच्या कुडाची आणि शेणमातीने सारवलेली असते, छप्परही उतरतेच असते. सरकारी पाहणीच्या तक्त्यात मात्र त्याची नोंद ‘कच्चे घर’ अशी होते. माती तीच, धनिकाच्या भिंतीला लागली की ती आधुनिक ठरते आणि आदिवासीच्या भिंतीला लागली की मागासलेली.

रानात मिसळलेल्या आधुनिक घराचा आदर्श म्हणून फ्रँक लॉइड राइट यांचे ‘फॉलिंगवॉटर’ जगभर दाखवले जाते. १९३० नंतरच्या दशकात पेन्सिल्व्हेनियातील एका ओढ्यावर, थेट धबधब्याच्या माथ्यावर, पिट्सबर्गच्या एका धनाढ्य व्यापाऱ्यासाठी ते सुट्टीचे घर बांधले गेले. दगड तेथलाच, परिसरातील खाणीतून काढलेला. काँक्रीटचे अधांतरी सज्जे पुढे झुकत गेले आणि २००२ साली पोलादी तारांनी ताणून ते सावरावे लागले, हा तपशील चित्रमय पुस्तकांत सहसा ठळकपणे येत नाही. मात्र व्यापाऱ्याच्या मुलाने १९६३ साली ते घर भोवतालच्या रानासह एका निसर्गरक्षक संस्थेच्या स्वाधीन केले आणि पुढे ते सर्वांना पाहण्यासाठी खुले झाले. आपल्याकडील बंगलेवाल्यांनी या घराचे सारे काही उचलले. ही शेवटची गोष्ट कोणी उचलल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

घर रानात कितपत मिसळले हे पाहायचे असेल तर घराकडे पाठ करून उभे राहावे. मग मोटार वर आणण्यासाठी जेसीबीने कापलेला रस्ता दिसतो. त्यातून निघालेला मुरूम आणि दगड खालच्या ओढ्यात लोटलेले दिसतात. सह्याद्रीच्या उतारांवर कठीण कातळावर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर बसलेला असतो. उताराचा पायथा कापला की त्या थराचा आधार जातो. पावसाळ्यात पाणी मुरून तो जड होतो आणि घसरू लागतो. पाण्याची वाट अडवून घर बांधले तर धोका आणखी वाढतो. बंगल्याची कूपनलिका भोवतालच्या झऱ्याचे पाणी ओढून घेऊ शकते. आणि तारेचे कुंपण गुरांची वाट, लाकूडफाट्याची वाट, पाणवठ्याची वाट एका दिवसात बंद करते. इतके सगळे झाल्यावर भिंतीला मातीचा रंग दिला काय आणि न दिला काय!

ही केवळ व्यक्तींची हौस आहे असेही समजू नये. १९९६ साली राज्य सरकारने थंड हवेच्या ठिकाणांसारख्या प्रदेशांत पर्यटनस्थळे, सुट्टीची घरे आणि नगरे उभारण्यासाठी खास नियमावली केली. तिच्या आधाराने वरसगाव धरणाच्या काठी, इटलीतील पोर्टोफिनो या गावाचा नमुना पुढे ठेवून, लवासा उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्यास सांगितले. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. डोंगर पूर्ववत करण्याची तरतूद कोणत्याही दिवाळखोरीत नसते.

आता दुसरे घर. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ही दरड कोणा बंगल्यामुळे कोसळली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु वाडीपर्यंत रस्ता नव्हता, म्हणून बचावपथकांना पायी चढावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने शाळा, दवाखाना, रस्ता अशा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची सोय आहे. बंगल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला डोंगर सापडतो. वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला, कायदा असूनही, सापडत नाही.

येथे आपल्यातील काही निसर्गप्रेमी मित्रांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आदिवासीने कुडातच राहावे, म्हणजे रान शोभून दिसेल, ही दृष्टी आपली असू शकत नाही. गळके छप्पर आणि वाळवी यांना कंटाळलेली बाई पक्के घर मागते, तेव्हा तिचीच मागणी न्याय्य असते. परंतु तिला मिळते काय? २०१६ साली घरकुल योजना नव्या स्वरूपात आली तेव्हा सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. डोंगराची किंमत सरकारने दहा हजार रुपये केली! एवढ्या पैशांत सिमेंटच्या विटा डोक्यावरून वर न्यायच्या आणि उतार, पाणी, वारा यांचा कोणाला सल्ला न विचारता चार भिंती उभ्या करायच्या. उतार वाचण्याचे जे ज्ञान बंगल्यासाठी भरपूर मोबदला देऊन विकत घेतले जाते, त्याची खरी गरज येथे आहे.

हे अशक्य नाही. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुशिल्पी १९४८ पासून सुमारे पंधरा वर्षे हिमालयात, पिथौरागडच्या डोंगरात राहिले. तेथील लोकांच्या दगड-मातीच्या बांधणीत पिढ्यांचे प्रयोग साठलेले आहेत, हे त्यांनी ओळखले आणि ते त्यांच्याकडून शिकले. घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, ही गांधीजींची सूचना ते अखेरपर्यंत सांगत राहिले. पुढे केरळात १९८५ साली माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्यासह त्यांनी ‘कॉस्टफर्ड’ ही संस्था काढली, ती गरिबांना परवडणारी घरे बांधण्यासाठी. एक कम्युनिस्ट नेता निवृत्तीनंतर विटा आणि चुना यांचा विचार करत बसला, याचे आपल्याला नवल वाटते, यातच आपली उणीव दिसते.

महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांत वननिवासी कुटुंबांना लगतच्या वनजमिनीवर घरे बांधता यावीत, अशी अधिसूचना राज्यपालांनी सप्टेंबर २०२० मध्ये काढली. तिचा उपयोग किती वाड्यांनी केला, हे आपल्या तालुका शाखांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. घरकुलाचा नकाशा तालुक्याच्या कचेरीत न ठरता वाडीवर ठरावा. घराच्या वरच्या बाजूस पाणी वळवणारा चर, दगडी जोते आणि कौले यांचा खर्च अनुदानात धरावा. आणि जागा ठरण्यापूर्वी भूवैज्ञानिकाने उतार पाहिलाच पाहिजे, अशी मागणी ग्रामसभांतून ठरावाने पुढे यावी. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी हे ठराव तहसीलदारांच्या टेबलावर पोचले पाहिजेत.