सभेची विषयपत्रिका चौकात लावा!

नगरपरिषद हद्दीतील सर्व नागरिकांस जाहीर आवाहन



नव्या सभागृहाची सर्वसाधारण सभा ऐकायला आम्ही चौघे करदाते गेलो होतो. दारात शिपायाने विचारले, "कोणाकडे काम आहे?" काम काही नाही, सभा ऐकायला आलो आहोत, असे सांगितल्यावर तो आत विचारून आला आणि मागच्या भिंतीला लागून असलेल्या खुर्च्यांवर आम्हाला बसू दिले. सभा सुरू झाली. पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पुढे लिपिक विषय वाचत गेले आणि समोरून "मंजूर, मंजूर" असा आवाज येत गेला. पन्नास मिनिटांत अडतीस विषय संपले. त्यानंतर "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" म्हणून आणखी सात विषय आले. त्यांतले तीन कार्योत्तर मंजुरीचे होते. काम होऊन गेलेले, खर्च होऊन गेलेला, आता फक्त ठराव हवा होता.

त्या तीन विषयांतला एक पंपदुरुस्तीच्या बिलाचा होता. हाच पंप बंद पडला म्हणून मागच्या महिन्यात नऊ दिवस आपल्या नळाला पाणी नव्हते. पंप कशाने बिघडला, राखीव पंप तयार का नव्हता, दुरुस्तीला नऊ दिवस का लागले, हे एकाही सदस्याने विचारले नाही. टँकर आला की पोरीबाळी शाळा सोडून घागरी घेऊन धावत होत्या, त्याचा उल्लेखही कोणी केला नाही. "मंजूर" म्हटले आणि पुढचा विषय वाचला गेला.

कोणावर चोरीचा आळ घेण्यासाठी हे पत्रक काढलेले नाही. बिल कदाचित योग्यही असेल. पण ते योग्य आहे की नाही हे ज्यांच्या पैशातून द्यायचे, त्यांना सभेआधी कळले नाही, सभेत कळले नाही आणि सभेनंतरही कळणार नाही. आमची तक्रार एवढीच आहे आणि ती लहान नाही.

हे सभागृह आपल्याला सहज मिळालेले नाही. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहांची मुदत पाच वर्षांनी संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटनेत लिहिलेले आहे. तरी आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा घोळ यांत वर्षांमागून वर्षे गेली. प्रस्ताव मांडायचा प्रशासनाने आणि मंजूरही करायचा प्रशासकाने, असा कारभार जवळपास चार वर्षे चालला. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींचा कार्यक्रम लागला. डिसेंबर 2025 मध्ये आपण रांगा लावून मते दिली. नगराध्यक्षही या वेळी थेट आपणच निवडला. ज्या सभेसाठी चार वर्षे वाट पाहिली, ती पन्नास मिनिटांत उरकली जात असेल, तर प्रशासक गेला आणि सभागृह आले याने आपल्या आयुष्यात काय बदलले?

नगरपरिषदेच्या सभेत एक माणूस उभा राहिला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. महात्मा जोतीराव फुले 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते एकटे पडले, पण त्यांचा विरोध नोंदला गेला आणि म्हणून आज आपल्याला तो माहीत आहे.

सभेच्या ठरावाचे पुढे काय होते, ते महाडने दाखवले. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी 4 ऑगस्टला नगरपालिकेने तोच ठराव रद्द केला. पुढे न्यायालयात दहा वर्षे लढावे लागले. लहान गावच्या पालिकेचा ठराव म्हणजे किरकोळ कागद, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. ठराव करणे, तो अमलात आणणे आणि तो मोडणे, तिन्ही गोष्टी सभेच्याच हातात असतात. म्हणून सभेवर लोकांची नजर हवी.

आज ही नजर चुकते कशी, तेही पाहा. विषयपत्रिकेवर "प्राप्त निविदांवर विचारविनिमय करून निर्णय घेणे" एवढेच लिहिलेले असते. कोणत्या कामाची निविदा, किती रकमेची, कोणत्या प्रभागातली, काही नाही. दुसरा विषय: "मुख्याधिकारी यांचेकडील टिप्पणीवर निर्णय घेणे." टिप्पणी कशाची, ते टिप्पणी पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या गल्लीतला काँक्रीट रस्ता असाच एका ओळीत मंजूर झाला आणि दोन महिन्यांत जलवाहिनीसाठी फोडला गेला. जलवाहिनीचा विषयही मंजूरच होता. दोन्ही विषय एकाच फलकावर लागले असते, तर गल्लीतल्या शाळकरी पोरानेही विचारले असते, "आधी पाइप, मग रस्ता, असे का नाही?"

पैसा वरून येतो, मग आपण कशाला विचारायचे, असे काही जण म्हणतात. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि त्यांच्या हातचे मोठे उत्पन्न गेले. तेव्हापासून पगारासाठी सहायक अनुदान, रस्त्यासाठी योजनेचा निधी, गटारासाठी वित्त आयोग, अशी वरच्या पैशाची वाट पाहायची सवय लागली. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्याकडे तोंड करून कारभार चालतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळेच प्रभागातल्या मतदारापेक्षा मुंबईतल्या फाइलची काळजी जास्त घेतली जाते. पण वरचा पैसाही आपल्याच कराचा आहे, आणि घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, आठवडे बाजाराची वसुली, हे तर सरळ आपल्याच खिशातून जाते.

"लोकांना बोलावले तर गोंधळ होईल," असेही ऐकू येते. गोंधळ माहिती नसल्यामुळे होतो. नळाला पाणी का नाही हे कळत नाही, तेव्हाच रिकामी घागर घेऊन बायका मुख्याधिकाऱ्यांच्या दारात येतात. "सगळे संकेतस्थळावर आहे," असेही सांगतात. आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी संकेतस्थळ पाहत नाहीत, त्या चौकातून रोज जातात. पहाटे सहाला हातमोज्यांशिवाय गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारालाही, हातमोजे आणि गमबूट यांच्या खरेदीचा ठराव कधी झाला आणि माल कोठे आहे, हे फलकावर वाचता आले पाहिजे.

म्हणून नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांच्याकडे आमच्या मागण्या:

1. प्रत्येक सभेची विषयपत्रिका, सदस्यांना नोटीस जाते त्याच दिवशी, मुख्य चौक, बसस्थानक, बाजार आणि प्रत्येक प्रभागात फलकावर लावावी. प्रत्येक विषयापुढे काम, ठिकाण आणि रक्कम सोप्या मराठीत लिहावी.

2. ऐनवेळच्या विषयांत खर्चाचा विषय घेऊ नये. फारच तातडी असेल, तर तातडीचे कारण ठरावात लिहावे.

3. सभेनंतर आठ दिवसांत इतिवृत्त फलकावर लागावे. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणी केला आणि का, हे त्यात असावे.

4. प्रत्येक कामाच्या जागी रक्कम, ठेकेदार, कामाची मुदत आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडल्यास ठेकेदाराने ते दुरुस्त करून देण्याची मुदत) लिहिलेला फलक लावावा, आणि तो कालावधी संपेपर्यंत काढू नये.

5. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात 2009 सालीच आली. प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागात क्षेत्रसभा घ्यावी आणि तिची तारीख आताच जाहीर करावी.

यातल्या एकाही मागणीला मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक फलक, चार पाने कागद आणि लोकांसमोर उभे राहण्याची तयारी.

आता आपल्याविषयी, नागरिकांविषयी. आपणही चुकलो आहोत. घरपट्टी थकवून सुविधा मागणे बरोबर नाही. मोठी थकबाकी असलेल्यांनी ती भरावी, नगरसेवकांनी पहिली भरावी. घरपट्टीचे बिल नीट वाचा, त्यात पालिकेचे कर किती आणि राज्याचा शिक्षण कर किती हे वेगळे लिहिलेले असते. चतुर्वार्षिक कर आकारणीची नोटीस आली की मुदतीत हरकत घ्या, नंतर कुरकुर करून उपयोग नसतो. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने इतिवृत्ताची प्रत मागता येते. आणि सभेला या. नगरपरिषदेची सभा लोकांना ऐकण्यासाठी खुली असते. आत बसून बोलता येत नसले, तरी आपण ऐकतो आहोत हे सदस्यांना दिसते.

पुढच्या सभेची तारीख जाहीर झाली की प्रत्येक प्रभागातून निदान दोघांनी यावे, ही विनंती. शिपायाने विचारले, "कोणाकडे काम आहे?" तर सांगा, सभेकडे काम आहे.

हे पत्रक वाचून झाल्यावर टाकून देऊ नये, शेजाऱ्याला द्यावे.

आपले,
गावातील करदाते नागरिक