जावक क्रमांक नसलेले उत्तर

कचेरीतला सूचनाफलक गेला याचे मला दुःख नाही. त्यावरच्या टाचण्या गंजत, कागद पिवळे पडत, आणि बदलीचा हुकूम वाचायला गेलेल्या माणसाला आधी गतवर्षीच्या सत्यनारायणाचे निमंत्रण वाचावे लागे. त्याच्या जागी इंट्रानेट आले. १९८९ साली लोटस नोट्स, २००१ साली शेअरपॉइंट. पण फलक काचेचा झाला म्हणून शहाणा झाला नाही. रजेचा नियम शोधावा तर तीन वर्षांच्या तीन प्रती सापडत, आणि चालू कोणती हे आस्थापना शाखेतल्या एखाद्या जुन्या कारकुनालाच ठाऊक असे. फेसबुकने २०१६ साली 'वर्कप्लेस' काढून कचेरीत चावडी भरवून पाहिली आणि २०२४ साली ती उठवण्याचे जाहीर केले. साहेबाच्या देखत चावडीवर कोण मोकळे बोलणार!

आता म्हणे फलकही नको. उद्याच्या इंट्रानेटला पानेच नसतील. कर्मचाऱ्याने विचारायचे आणि यंत्राने सांगायचे. याची सुरुवात झालेलीच आहे, आणि माझे भांडण आहे ते येथे.

परिपत्रकाला आपण पुष्कळ हसलो. त्याची भाषा हसण्यासारखीच असते. परंतु त्याच्या माथ्यावर जावक क्रमांक व तारीख असते आणि पायाशी कोणा जबाबदार माणसाची सही असते. उद्या साहेब उलटले तर गरीब कर्मचारी तोच कागद पुढे करतो. यंत्राच्या उत्तराखाली कोणाची सही? ते साठवलेल्या कागदांतून प्रश्नाशी जुळणारे उतारे उचलते आणि त्यांचे गोड वाक्य विणते. रद्द झालेले परिपत्रक कोणी ढिगातून काढलेच नसेल, तर तेही त्या विणीत येते. शिवाय तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर वाक्य बदलते, कधी अर्थही.

ही नुसती भीती नव्हे. आजीच्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एका उतारूला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. कंपनीने पैसे नाकारले. वर असा युक्तिवाद केला की ते यंत्र आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला. उतारूने त्या संभाषणाचे चित्र जपून ठेवले होते, आणि तो कंपनीचा नोकर नव्हता. ज्याला उद्या सकाळी त्याच दारातून हजेरी लावायची आहे, तो कोणत्या न्यायाधिकरणाकडे धावणार?

आणि विचारणाऱ्याचे काय? जुन्या कारकुनाला बाळंतपणाच्या रजेचे किंवा राजीनाम्याच्या मुदतीचे हळूच विचारता येई. तोही काही संत नव्हता, पण त्याच्या कानाची प्रत वरच्या मजल्यावर जात नसे. यंत्राजवळ प्रश्नांची वही राहते. २०२० साली मायक्रोसॉफ्टने कोण कर्मचारी किती दिवस ई-मेल व बैठका वापरतो हे नावानिशी दाखवणारे गुणपत्रक काढले होते. ओरड झाली तेव्हा नावे काढली. ओरड झाली नसती तर?

या यंत्राच्या बाजूने एक मुद्दा खरा वजनदार आहे. इंग्रजी परिपत्रक ज्याला वाचता येत नाही, त्या कारखान्यातल्या फिटरला ते मराठीत उत्तर देऊ शकते. इतकी वर्षे हे काम ना साहेबांनी केले ना युनियनच्या पुढाऱ्यांनी. म्हणून यंत्र फोडा असे मी म्हणत नाही. माझे मागणे एवढेच, की प्रत्येक उत्तराखाली मूळ परिपत्रकाचा क्रमांक, तारीख व अधिकाऱ्याचे नाव यावे. उत्तराची प्रत विचारणाऱ्याला मिळावी आणि ती मालकावर बंधनकारक असावी. आणि कोणी काय विचारले याची वही साहेबाच्या मेजावर जाऊ नये.

यावर मला सांगण्यात येते की अशाने यंत्राचा वेग मंदावेल. मंदावू द्या. रजेचा अर्ज त्याच साहेबाच्या मेजावर आठवडाभर पडून असतो, तेव्हा वेगाची आठवण कोणालाच होत नाही.